तेजोवलयाची कुळकथा

गॉथिक कॅथीड्रलच्या अंतर्भागाचे छायाचित्र घेणे हा एकोणिसाव्या शतकात मोठा जिकिरीचा मामला होता. कारण स्तंभांच्या मुळाशी साचलेला काळोख उजळावा म्हणून तबकडीला जो प्रदीर्घ अवधी द्यावा लागे, त्याच अवधीत उंच खिडक्यांतला उजेड आपली चौकट ओलांडून भोवतालच्या दगडी नक्षीवर पसरे आणि कारागिरांनी कोरलेली जाळी पांढुरक्या धुक्यात नाहीशी होई.

याचा सारा ठपका भिंगावर ठेवण्याचा मोह होतो, परंतु पहिली कसूर तबकडीची होती. रासायनिक लेपातून आरपार गेलेला प्रखर किरण काचेच्या पाठीवरून परावर्तित होऊन, मूळ स्थानापासून किंचित दूर, त्याच लेपावर पुन्हा उमटे. खिडकीभोवतीच्या या वलयाला छायाचित्रकार ‘हॅलेशन’ म्हणत. त्यावरची तजवीज अशी, की जळक्या साखरेच्या पाकात तांबूस सिएना माती कालवून ते मिश्रण तबकडीच्या पाठीला फासायचे. पाक काचेला इतका एकजीव बिलगतो, की किरण मागे न फिरता त्यात शिरतो आणि तिथेच शोषला जातो. डेव्हलप करण्यापूर्वी हे लिंपण पुसून टाकले, की काम झाले. बिशपांची सिंहासने असलेल्या कॅथीड्रलांची शान राखण्यास जळका पाक कामी यावा, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते.

एवढ्यावरही जे वलय उरे, त्यावर हॉवर्ड फार्मर यांनी 1883 साली सुचवलेले पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो यांचे द्रावण कुंचल्याने निगेटिव्हवर फिरवीत. साचलेला काळिमा विरळ होई, मात्र जी नक्षी मुळात नोंदलीच गेली नव्हती, ती त्याने परत येणे शक्य नव्हते.

दुसरा अपराधी भिंग. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. म्हणजे तीन भिंगांच्या, सहा पृष्ठभागांच्या रचनेत पाचवा हिस्सा वाटेतच गळतो आणि त्यातला काही भाग आत भटकून चित्रावर डाग पाडतो. हॅरल्ड डेनिस टेलर यांना 1892 च्या सुमारास आढळले, की जुने, डागाळलेले भिंग नव्यापेक्षा अधिक प्रकाश आत सोडते. तोच मुरलेपणा आम्लाने कृत्रिमरीत्या आणण्याचे पेटंट त्यांनी 1904 मध्ये घेतले, परंतु परिणामाचा भरवसा नसे. निर्वात पात्रात धातूंच्या फ्लोराइडांसारख्या द्रव्याचा अतिसूक्ष्म थर चढवण्याची खात्रीची रीत झाइस कारखान्यातल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 साली सिद्ध केली, आणि दुर्बिणींच्या लष्करी उपयोगामुळे ती प्रारंभी गुप्त राखली गेली.

आज संगणकावर तेच वलय हौसेने चिकटवले जाते. त्याला मी अलंकार मानत नाही, कारण त्या काळी तो झुंजून हटवायचा दोष होता. निगेटिव्हवर हात फिरवण्यास ठाम विरोध करणाऱ्या छायाचित्रकार फ्रेडरिक इव्हान्स यांनी वेल्स कॅथीड्रलच्या झिजलेल्या जिन्याचे विख्यात छायाचित्र 1903 मध्ये घेतले, तेव्हा टेलर यांचे पेटंटदेखील निघालेले नव्हते.