निजामाचे तिकीट आणि आमचा घरचा ग्रुप

हैदराबाद संस्थानाने १८६९ साली स्वतःचे टपाल तिकीट काढले. आमचे नांदेड त्या संस्थानातला जिल्हा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. (लातूरला जिल्ह्याचा मान मिळाला तो थेट १९८२ साली!) संस्थानच्या काही तिकिटांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही होती. पण हे तिकीट चालायचे फक्त संस्थानच्या हद्दीत. नांदेडहून लातूरला पत्र टाकायचे तर निजामाचे तिकीट, आणि लातूरहून बार्शीला टाकायचे तर हिंदुस्थान सरकारचे.

आता बार्शी म्हणजे काय परदेश? १९११ पासून अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत येत होती. लातूरचा माल तिकडे, तिकडचे व्यापारी इकडे. सोयरिकी तर हद्द बघून होतच नाहीत. लेक बार्शीला दिली की खुशालीच्या पत्राला तिकीट दुसरे. १९५० साली संस्थानचे टपाल भारतीय टपाल खात्यात विलीन झाले, तेव्हा कुठे ही भानगड मिटली.

हा इतिहास आज उगाळायचे कारण असे की आमच्या घरात दोन महिने एकच वाद चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅप सोडायचे का, आणि सोडले तर जायचे कुठे? धाकटी मंडळी फक्त कुलपाबद्दल बोलतात. कोणाचे कुलूप पक्के? अहो, कुलूप व्हॉट्सअ‍ॅपलाही आहे, २०१६ पासून. मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही म्हणतात, ते मला मान्य. पण पाकीट बंद असले तरी कोणी कोणाला किती वेळा लिहिले, हे टपालवाल्याला कळतेच ना? आणि मला त्याहून खटकते ती हद्द. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप सिग्नलवर जात नाही, सिग्नलचा टेलिग्रामवर जात नाही. सगळी निजामाची तिकिटे! ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअ‍ॅप सहा तास बंद पडले, तेव्हा सगळ्या जगाची टपालपेटी एकाच वेळी बंद झाली.

ईमेलचे तसे नाही. जीमेलवाला रेडिफवाल्याला खुशाल लिहितो. जुन्या ब्लॉगर मित्रांना गूगल टॉक आठवत असेल. २००५ साली आलेले ते गप्पांचे साधन एक्सएमपीपी नावाच्या खुल्या पद्धतीवर चाले, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्यांच्या ठाण्यांवरही त्यातून निरोप जाऊ लागले. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि ते दार लावून घेतले. म्हणजे आपण दोन तिकिटांकडून एकाकडे आलो होतो, ते पुन्हा उलटे गेलो.

टपाल ज्याचे, त्याच्याशीच भांडण असेल तर काय होते, हेही आमच्या भागाने पाहिले आहे. १९४७-४८ मध्ये संस्थानच्या हद्दीबाहेर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. नांदेडकरांना जवळची म्हणजे पैनगंगेपलीकडची उमरखेडची. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीच्या बँकेवर छापा घालून लढ्यासाठी रक्कम नेली गेली. असा बेत काय निजामाच्या टपालपेटीत टाकायचा? असले निरोप माणसांच्या हातूनच जायचे. तिथे कुलूप नव्हते, पण निरोप्या कोण हे ठाऊक होते.

आमच्या पुण्याच्या भाच्याने अखेर त्याच एक्सएमपीपीवर घरचे छोटे ठाणे उभे केले आहे. आमच्या फोनमध्ये ‘कन्व्हर्सेशन्स’ हे ॲप, आयफोनवाल्यांकडे ‘मोनल’. उद्या भाच्याचे ठाणे नको झाले तर दुसऱ्या ठाण्यावर खाते काढून याच लोकांशी बोलता येते. आपला नवा पत्ता तेवढा सगळ्यांना कळवायचा.

यावर धाकट्या सुनेने विचारलेला प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. ती म्हणाली, "मामंजी, परक्या कंपनीला माझं नाव-गाव कळलं तर तिला काय करायचंय? पण मी माहेरी दिवसातून कितीदा बोलते हे घरच्याच माणसाला दिसणार, त्याचं काय?" मजकूर भाच्याला वाचता येत नाही, पण पाकिटांची ये-जा दिसू शकते, हे खरेच आहे. घरचा पोस्टमास्तर म्हणजे सोय, तशी अडचणही! तिने आपले खाते बाहेरच्या एका ठाण्यावर काढले आणि तिथून ती आमच्या ग्रुपवर आली. चालते तसे. तिकीट वेगळे असूनही पत्र पोचते.

लातूरच्या मावशींनी कुठलेच ॲप घ्यायला नकार दिला आहे. त्यांना मी रविवारी सकाळी फोन करतो.