संमीलन-भट्टीतील निदान-उपकरणांवर होणारे प्रारणाचे परिणाम

ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनातून सुटणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार-पंचमांश भाग १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनाकडे जातो; विद्युत्-भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्राला न जुमानणारा हा कण, त्याच्यासोबतच्या गॅमा किरणांसह, प्लाझ्माचे तापमान, घनता व स्थान यांची खबर देणाऱ्या उपकरणांत शिरून त्यांच्या द्रव्याचे गुणधर्मच पालटवतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात संच बंद करून बाष्पित्र निवल्यावर कारागीर आत उतरतो व बिघडलेले तापयुग्म बदलून बाहेर येतो. ट्रिटियम वापरलेल्या भट्टीच्या भिंती मात्र स्वतःच किरणोत्सर्गी झालेल्या असल्यामुळे तेथे मनुष्याला मज्जाव असतो, आणि म्हणून उपकरणाची खोट तेथे दुरुस्तीच्या नव्हे, तर मूळ आराखड्याच्या सदरात मोडते.

सर्वांत कठीण प्रश्न विद्युत्-निरोधकांचा आहे. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या वेटोळ्यांच्या तारांभोवती मॅग्नेशिया किंवा अ‍ॅल्युमिना यांचे वेष्टन असते. प्रारणामुळे त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होऊन ते अंशतः वाहक बनते, आणि हा दोष प्रारण थांबताच बहुतांशी नाहीसा होत असला, तरी तारेत उपजणारा सूक्ष्म विद्युत्-दाब अधिक घातक ठरतो, कारण फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’सारख्या भट्टीत वेटोळ्याचा संकेत शेकडो सेकंद साठवीत जावा लागतो व मायक्रोव्होल्टाचीही चूक साचत जाऊन प्लाझ्मा नाही तेथे असल्याचा दाखला मिळू शकतो.

प्रकाशीय उपकरणांत क्वार्ट्‌झचे तंतू काळवंडतात आणि स्वतःही प्रकाश टाकू लागतात; यास्तव प्लाझ्मासमोर काच न ठेवता मॉलिब्डेनम किंवा ऱ्होडियम यांचा धातुमय आरसा ठेवून, न्यूट्रॉनांना सरळ वाट मिळू नये अशा नागमोडी मार्गाने प्रकाश बाहेर आणतात. प्रारित ऊर्जा मोजणाऱ्या बोलोमीटरातील सोन्याची पट्टी न्यूट्रॉन ग्रहण करून हळूहळू पाऱ्यात रूपांतरित होते व तिचा विद्युत्-रोध बदलतो. ‘ईटर’साठी तिच्या जागी प्लॅटिनमाची योजना झाली, हा निर्णय या शाखेतील दूरदृष्टीचा उत्तम नमुना मानावा लागेल.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘आदित्य’ या यंत्रात ट्रिटियम वापरीत नसल्यामुळे प्रस्तुत परिणामांची परीक्षा तेथे होत नाही. १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन देणारी जनित्रे पुणे विद्यापीठात व तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उपयोगात आली, परंतु त्यांचा न्यूट्रॉन-प्रवाह भट्टीतील प्रवाहाच्या मानाने अत्यल्प असतो. विखंडन-भट्टीत प्रवाह विपुल असला, तरी तेथील न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा निर्मितीच्या क्षणीही सुमारे २ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच असल्यामुळे धातूत हीलियम वायू साचण्याचे प्रमाण तेथे बरेच कमी राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ स्वतंत्र न्यूट्रॉन-उद्गमाची उभारणी हाती घेण्यात आली आहे.