बिल्ला गेला, नोंद गेली, मग सायकलही गेली

मोटारसायकल चोरीला गेली की माणूस आधी पोलीस चौकी गाठतो. सायकल चोरीला गेली की आधी आसपासची भंगाराची दुकानं बघून येतो. चौकीत जाऊन काही होणार नाही, हे त्याने मनाशी धरलेलंच असतं. हा अविश्वास एका दिवसात तयार झालेला नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात तरी माहीत असायला हवा.

जुन्या पिढीला विचारा, ‘बिल्ला’ म्हटलं की लगेच आठवेल. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात वाहनांवर कर बसवायचा अधिकार महापालिकांना होता आणि त्यात सायकलही यायची. कर भरला की पावती आणि सायकलला लावायचा धातूचा बिल्ला मिळायचा. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा मागे डबलसीट बसवलंय म्हणून सायकलवाल्याला थांबवायचे. त्यामुळे त्या काळी सायकलवाल्यांचं पोलिसांवर फार प्रेम होतं असं अजिबात नाही. पुढे पोलीस दिसला की उतरून सायकल हातात धरून चालणारे पुष्कळ होते!

बिल्ला होता महसुलासाठी, चोर पकडायला नव्हे. पण त्याचा एक फायदा आपसूक झाला. सायकलला नंबर होता आणि मालकाच्या हातात सरकारी पावती होती. ‘ही सायकल माझी’ एवढं सांगायला कागद होता.

पुढे हा कर बंद होत गेला. गरिबाच्या वाहनावर कसला कर, हे म्हणणं रास्तच होतं. पण करासोबत नोंदही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. उलट स्कूटर-मोटारसायकलींना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि विमा दोन्ही सक्तीचे आहेत. चोरीचा विमा असेल तर तो मिळवायला एफआयआर लागतो, म्हणून मालक चौकीत ठाण मांडून बसतो. सायकलवाला कशासाठी बसणार?

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतून सायकल गेली तेव्हा मी चौकीत गेलो होतो. पहिला प्रश्न, ‘बिल आहे का?’ दुसरा, ‘फ्रेम नंबर काय?’ प्रश्न चुकीचे नव्हते. पण दहा वर्षं जुन्या सायकलचं बिल कोण जपून ठेवतं? अर्ज घेतला, शिक्का मारला, विषय संपला.

आता यातला सगळ्यात ताजा आणि महत्त्वाचा भाग. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे चोरी होती. वस्तू पाच रुपयांची असो की पाच लाखांची, कलम ३७९ खाली गुन्हा दखलपात्र. पोलीस टाळाटाळ करत असतील, पण कायदा तुमच्या बाजूने होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आता चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एनसी नोंदवायची, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. अशा चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची.

किरकोळ चोरीसाठी कुणाला तुरुंगात डांबू नये, हे मलाही पटतं. पण पाच हजारांच्या आतली सायकल कुणाची असते? वॉचमनची, पेपर टाकणाऱ्या पोराची, धुणीभांडी करायला लांब जाणाऱ्या बाईची. गिअरवाली पन्नास हजारांची सायकल गेली तर गुन्हा दखलपात्र, आणि जिच्यावर रोजची हजेरी अवलंबून आहे ती गेली तर एनसी. चौकीत जे आधी अनुभवाने कळायचं, ते आता कायद्यातच लिहिलंय.

अविश्वासाची आणखी एक गंमत बघा. अधूनमधून बातमी येते, चोर पकडला, सायकलींची रांग लावून फोटो काढला. मग त्यातल्या कितीतरी सायकलींचे मालकच सापडत नाहीत, कारण तक्रारच कुणी दिलेली नसते. विश्वास नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून मालक नाही, आणि सायकली चौकीच्या आवारात गंजत पडतात.

हे चक्र तोडायला कर लागत नाही, नोंद लागते. जपानमध्ये सायकलची नोंदणी १९९४ पासून कायद्याने सक्तीची आहे. दुकानातच फॉर्म भरून फ्रेमवर नंबराचं स्टिकर लावतात, आणि रस्त्यावरचा पोलीस त्या नंबरावरून मालक शोधू शकतो. तिथे चोऱ्या होत नाहीत असं नाही, पण सापडलेली सायकल कुणाची ते कळतं. आपल्या महापालिकेला आणि पोलिसांना मिळून फुकट, ऐच्छिक नोंदणी सुरू करणं अवघड आहे का? येत्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना हे जरूर विचारा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आज सायकल उलटी करून फ्रेम नंबर शोधा, बहुतेकदा पायडलच्या दांड्याजवळ खालच्या बाजूला किंवा सीटच्या नळीवर कोरलेला असतो. त्याचा फोटो काढा, बिलाचाही काढा. तुमच्या वॉचमनच्या आणि कामवाल्या मावशींच्या सायकलचाही काढून द्या. आणि सायकल गेलीच, तर एनसी का होईना, नोंदवाच. नोंदच नसेल तर पोलिसांना जाब तरी कशावरून विचारणार?