चुन्यावाचून उभे दगड

परभणीहून रेल्वेने परळीकडे जाताना पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. तिथले नृसिंहाचे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. या शैलीत घडीव दगड बहुधा चुन्यावाचून रचलेले असतात. त्यांना धरून ठेवते ते स्वतःचे वजन आणि घर्षण. अशी भिंत भूकंपात कशी हलेल, हे संगणकावर मांडू लागलो आणि घर्षणांकापाशीच अडलो.

घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, हे फ्रान्समध्ये आमोंताँने १६९९ साली मांडले. पुढे कूलाँने प्रयोगांनी ते पक्के केले. १९६० मध्ये क्लफ यांनी ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलेली गणनापद्धती आजही तोच नियम वापरते. मात्र अंक आपणच पुरवायचा असतो. तो काढण्याची रीत साधी आहे. दगडावर दगड ठेवून खालचा हळूहळू तिरपा करावा. वरचा ३१ अंशांवर घसरला तर घर्षणांक ०.६, ३५ अंशांवर घसरला तर ०.७. दुसरा अंक सांध्याच्या ताठरतेचा. ती कमी धरली तर गणितात दगड एकमेकांत रुततात. अवाजवी धरली तर उत्तरच निघत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. घर्षणांक फुगवला की तशी भिंतही पडद्यावर उभी राहते. म्हणून जुन्या मंदिराच्या दुरुस्तीआधी तो अंक त्याच जातीच्या दगडावर मोजावा, आणि कमी-जास्त धरून गणित पुन्हा करावे, असे मला वाटते.