सतरावें द्रव्य

गेल्या श्रावणांत आमच्या एका स्नेह्यांनीं कनोजहून अत्तराची एक लहानशी कुपी आणून दिली. वाळा, नागरमोथा आणि दगडफूल यांचा अर्क चंदनाच्या तेलांत उतरवून केलेलें तें अत्तर. रंग हिरवट, वास म्हणाल तर पाणथळ जागीं वाढलेल्या गवताचा, शेवाळ धरलेल्या घाटाच्या पायऱ्यांचा. सूनबाईंची मंगळागौर होती, घरीं चार माणसें जमलीं होतीं. अत्तरदाणी फिरली आणि मौज झाली. आमच्या वडील भगिनी आक्का यांच्या हातावर त्या अत्तराला उन्हाळ्यांतील वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वास आला. आमच्या मनगटावर तो थेट गोड्या मसाल्याचा निघाला. आणि सूनबाईंचा हात हुंगून आक्का एकदम म्हणाल्या, "अगबाई, तुझ्या हाताला तर डबक्याचा वास येतो!" चारचौघींच्या देखत सूनबाईंनीं हात पदराआड घेतला. त्या कुपीला त्यांनीं पुन्हां स्पर्श केला नाहीं.

अत्तर एक, कुपी एक, घटका एक. मग वास तीन कां? दोष द्यावयाचाच तर तो अत्तराला द्यावा, हाताला द्यावा, कीं नाकाला? प्रश्न घरगुती खरा. परंतु गंधशास्त्राच्या इतिहासांत तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ रेंगाळत आलेला आहे.

प्रथम आपल्याच घरांत पाहूं. सहाव्या शतकांत होऊन गेलेला ज्योतिषी वराहमिहिर यानें आपल्या बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' नांवाचा एक स्वतंत्र अध्याय घातला आहे. त्यांत 'गंधार्णव' म्हणजे गंधांचा समुद्र निर्माण करणारीं सोळा द्रव्यें सांगितलीं असून, आमच्या कुपींतील तिन्ही द्रव्यें त्या सोळांत आहेत: मुस्ता म्हणजे मोथा, उशीर म्हणजे वाळा, आणि शैलेय म्हणजे दगडफूल. पहिलीं दोन ओलसर जमिनींत वाढणारीं, तिसरें खडकाला व झाडाच्या सालीला धरणारें. म्हणजे ज्याला आज हिरवा, शेवाळी गंध म्हणतात, तो आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. सोळांतून चार द्रव्यें निवडण्याचे प्रकार १८२०. प्रत्येक चौकडीचे प्रमाणभेदानें ९६ भेद. आणि दोहोंचा गुणाकार १,७४,७२०. इतके गंध केवळ सोळा डब्यांतून निघतात, हें त्या ज्योतिषानें गणितानें दाखवून दिलें. बुद्धि थक्क होते. परंतु ही सारी मोजदाद पात्रांतील गंधाची आहे. तो गंध अंगाला लावणारा मनुष्य या कोष्टकाच्या एकाहि घरांत नाहीं.

महाराष्ट्राचाहि या विद्येशीं जुना संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' या दोन दुर्मिळ ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पैकीं दुसऱ्यावर जुनी मराठी टीका आहे. १९८९ सालीं बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें हे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. आपल्या भाषेंत कोणीतरी अत्तराच्या कृती समजावून देत बसला होता, हें वाचून आम्हांस फार संतोष वाटतो.

शरीराचा विचार आपल्याकडे मुळींच झाला नाहीं असें मात्र नव्हे. चरकाच्या ऋतुचर्येंत हेमंतांत अगुरूचा व ग्रीष्मांत चंदनाचा लेप सांगितला आहे. पण तेथें भेद ऋतूचा आहे. एकाच ऋतूंत दोन अंगांवर एकच लेप निराळा कां दरवळतो, हा प्रश्न तेथें नाहीं.

तो प्रश्न ग्रीक व रोमन लेखकांच्या वाटेंत आलेला दिसतो. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें गंधांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. सुगंधी तेल मनगटावर लावलें असतां सर्वांत मधुर वाटतें, असें निरीक्षण त्यांत नमूद आहे. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमचा प्लिनी सांगतो कीं, सुगंधाची परीक्षा हाताच्या पाठीवर करावी, कारण तळव्याच्या मांसल भागाची उष्णता तो बिघडविते. एक शरीराची ऊब मित्र मानतो, दुसरा तिला भितो. परंतु त्वचा ही निर्जीव पाटी नव्हे, हें दोघांसहि ठाऊक होतें. आपल्याकडे लग्नकार्यांत पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर अत्तराचा हात फिरवतात, तेव्हां प्लिनीचें नांवहि न ऐकतां आपण त्याचाच नियम पाळीत असतों.

शरीर आणि गंध यांची सांगड आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं जेथें घातली, तेथें ती दुर्दैवानें भलत्याच रीतीनें घातली. कोक्कोकाच्या रतिरहस्यांत स्त्रियांच्या पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी व हस्तिनी अशा चार जाती कल्पिल्या असून पद्मिनीच्या अंगाला कमळाचा गंध सांगितला आहे. म्हणजे वास ही माणसाची पायरी ठरविण्याची खूण झाली. ग्रंथ कपाटांत राहिला, पण ही समजूत माजघरांत येऊन बसली. आक्कांच्या उद्गारानें सूनबाई कां शरमल्या, याचें कारण येथें आहे. 'अत्तराला डबक्याचा वास येतो' असें त्या म्हणत्या, तर सगळे हंसले असते. त्या 'तुझ्या हाताला' असें म्हणाल्या.

आतां आधुनिक शास्त्र काय सांगतें तें पाहूं. अत्तर म्हणजे एक वास नव्हे, अनेक वासांची मिरवणूक आहे. हलके अंश आधीं उडून जातात. वाळ्यासारखे व दगडफुलासारखे जड अंश मागून रेंगाळत येतात. हात उष्ण, कोरडा कीं तेलकट, यावर ही मिरवणूक भरभर जाते किंवा थांबत थांबत जाते. म्हणून एकाच क्षणीं दोन हात हुंगले तरी एकावर तिचें तोंड आणि दुसऱ्यावर शेपूट भेटण्याचा संभव असतो. शिवाय घाम मूळचा जवळजवळ निर्गंध असून, त्याला वास येतो तो त्वचेवरील सूक्ष्म जंतूंच्या कामगिरीनें. आणि ती जंतूंची वस्ती प्रत्येकाची निराळी. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाचे संशोधक व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, मनुष्यानें स्वतः निवडलेलें अत्तर त्याच्या अंगगंधांत मिसळलें असतां, दुसऱ्यानें नेमून दिलेल्या अत्तरापेक्षां, हुंगणाऱ्यांस अधिक आवडलें. नुसतीं अत्तरें हुंगतांना मात्र हा फरक दिसला नाहीं. वराहमिहिराच्या सोळा द्रव्यांच्या जोडीस सतरावें द्रव्य म्हणजे लावणाऱ्याचें अंग, असें म्हणण्यास यापेक्षां अधिक आधार कशास हवा?

परंतु हुंगणाऱ्यासहि सोडतां येत नाहीं. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला, व २००४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत अशा ग्राहकांचे सुमारें ४०० प्रकार असून, ते सर्वांचे सारखे नसतात. ॲन्ड्रोस्टेनोन नांवाच्या पदार्थाचा वास एकाला मूत्रासारखा, दुसऱ्याला गोड, तर तिसऱ्याला मुळींच येत नाहीं. आणि २००७ सालीं या भेदाचा संबंध एका विशिष्ट ग्राहकाच्या जनुकाशीं जुळला.

जनुकांच्या जोडीला स्मृति आहे. फ्रान्सच्या फ्रान्स्वा कोटी यानें १९१७ सालीं 'शिप्र' हें अत्तर विकावयास काढलें. सायप्रस बेटाचें हें फ्रेंच नांव. त्यांतील ओकवृक्षावरील तथाकथित शेवाळ आणि आपलें दगडफूल हीं एकाच कुळांतलीं. शेवाळहि नव्हेत आणि फुलेंहि नव्हेत, तर बुरशी व शैवाल यांच्या सहवासांतून झालेलीं धोंडफुलें. कोटीच्या गिऱ्हाइकांस त्या वासांत उंची पोषाखाचा दिमाख भासला असेल; आम्हांस त्यांत आईचा मसाल्याचा डबा आठवला. दोहोंपैकीं कोणतीहि आठवण खोटी नाहीं. अंगांतील हा भेद आज कायद्यानेंहि मान्य केला आहे. ओकच्या त्या अर्कांतील ॲट्रॅनोल व क्लोरोॲट्रॅनोल हे अंश कांहीं लोकांच्या त्वचेला बाधतात, म्हणून युरोपीय संघानें २०१७ सालीं प्रसाधनांत त्यांस बंदी केली व २०२१ पर्यंत तसा माल बाजारांतून काढावयास लावला. जो गंध पुष्कळांस भूषण, तोच थोड्यांस पुरळ. आणि नियम त्या थोड्यांकडे पाहून झाला.

हा सर्व पसारा आम्हीं एका सायंकाळीं आक्कांपुढें मांडला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला, व मग म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या परसांत एक डबकें होतें. लहानपणीं मी त्यांत पडलें होतें." आमच्या ग्रंथांत नसलेला पुरावा तो हाच! डबकें सूनबाईंच्या हातावर नव्हतें. निदान सगळें नव्हतें. त्यांतील बरेंचसें साठ वर्षें आक्कांच्या नाकांत सांचून राहिलेलें होतें.

इतिहासानें आम्हांस शिकविलें तें इतकेंच कीं, दुसऱ्याचा हात हुंगून निकाल देतांना 'तुझ्या हाताला' असें न म्हणतां 'माझ्या नाकाला' असें म्हणावें. कुपी अद्याप देवघराजवळच्या फडताळांत आहे, अर्ध्याहून अधिक भरलेली. पुढल्या श्रावणांत ती पुन्हां काढावी, असें आक्कांनींच सुचविलें आहे. आणि या खेपेस आपला हात आधीं पुढें करून तो सूनबाईंना हुंगावयास देण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.