सीमेच्या कुठल्या अंगाला घर?

कागल सोडलं की कोगनोळी, म्होरं निपाणी. मधी रस्त्यावरची पाटी बदलते. ऊस तोच, तंबाखू तीच, शिवीसुद्धा तीच. घर कुठल्या अंगाला घ्यावं म्हटलं की लोक गुंठ्याचा भाव बोलतात, पाणी बोलतात, पलीकडचा उतारा कन्नडमधी असतो एवढं बोलतात. महारवाड्यातल्या माणसाला आधी दाखला बघावा लागतो.

ही रेघ 1956 ची असं समजतात. ती त्याच्याही आधीची आहे. कागल कोल्हापूर संस्थानात, निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. शाहू महाराजांनी 1902 ला नोकरीतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांना राखल्या, 1918 ला महार वतन मोडलं. 1920 ला माणगावची परिषद झाली. पलीकडं मात्र वतन शाबूत. सांगावा आला की हातातली भाकरी टाकून पळायचं. बाबासाहेब 1925 ला निपाणीच्या परिषदेला आले. 1928 ला त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, ते पास झालं न्हाई.

1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात मिसळलं. सात वर्सं दोन्ही अंगं एका राज्यात नांदली. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अठराव्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. वतन मोडायचा मुंबईचा 1958 चा कायदा 1959 ला लागू झाला. पलीकडच्यांना म्हैसूरचा 1961 चा कायदा, तोही 1963 ला अमलात. म्हंजे एकाच भावकीच्या बेड्या तोडायला दोन सरकारं, दोन तारखा! बौद्ध झालेल्यांना महाराष्ट्रानं 1960 पास्नं सवलती दिल्या. दिल्लीच्या यादीत बौद्ध यायला 1990 उजाडलं.

महाजन आयोगानं 1967 ला निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं. पण बेळगाव दिलं न्हाई म्हणून महाराष्ट्रानं अहवालच नाकारला. भाषेसाठी लोकांनी मार खाल्ला, जीव दिले, ते खरंच. पण भाषिक राज्यात एकेका मोठ्या जातीचं राज्य येईल आणि लहान जाती तिच्या पायाखाली जातील, हे बाबासाहेबांनी 1955 लाच लिहून ठेवलंय. सीमेच्या सभेत ते कुणी वाचून दाखवत न्हाई.

आता दाखल्याचं. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार झाल्या. त्या वेळी बाप-आजा जिथला कायमचा रहिवासी, तिथला दाखला. महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, कर्नाटकाच्याही आहे. तरी सुप्रीम कोर्टानं 1990 ला, 1994 ला आणि परत 2018 ला सांगितलं, की राज्य बदललं की नव्या राज्यात ती सवलत न्हाई. नाव दोन्ही याद्यांत असलं तरी न्हाई. का, तर जातीचा जाच त्या-त्या राज्यापुरता मोजायचा. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रक थांबतात, जाच थांबतो काय? पाणवठ्यावरची नजर पाटी वाचून बदलत न्हाई.

मी सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला. मेव्हणा म्हणतो, "दाजी, निपाणीत घ्या, बहिणीला म्हायार जवळ पडंल." पडंल की. पण पोरगं तिथल्या कालेजात खुल्या जागेवर उभं ऱ्हाणार आणि शिष्यवृत्तीसाठी कोल्हापूरला हेलपाटं घालणार. म्हणून कागलच्या अंगाला दोन गुंठं बघितल्यात. बायकोचं उलटं. लग्नानं जातीचं राज्य बदलत न्हाई, तिचा दाखला बापाकडनंच. इथल्या भरतीत ती खुली. तिला राखीव जागा हवी तर रेघ ओलांडून पलीकडच्या नोकरीला जावं लागंल, तेही कन्नड शिकून. ती शिकतीय. अंकलिपी भावानं धाडलीय.