मेंदूतील रक्तवाहिन्या आणि स्मृतिभ्रंश : एका संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना :

वृद्धापकाळी बुद्धी क्षीण होते, ही गोष्ट मराठी समाजाला नवी नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द त्याची साक्ष देतात. या दोहोंत वय हेच कारण गृहीत धरलेले आहे. युरोपीय वैद्यकाने मात्र या अवस्थेला रोग मानून तिचे मूळ मेंदूत शोधले. या शोधात मेंदूच्या रक्तवाहिन्यांना कधी सर्वस्व मानले गेले, तर कधी त्यांचा जवळजवळ विसर पडला. हा चढउतार केवळ नव्या पुराव्यांमुळे झाला नाही; रोगांची नावे आणि व्याख्या कशा ठरल्या, याचाही त्यात मोठा वाटा होता. प्रस्तुत लेखात याच प्रवासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

विलिस ते अल्झायमर :

इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने १६६४ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाचे वर्णन केले. ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. पक्षाघातानंतर काही रुग्णांची बुद्धी मंदावते, हेही त्याच्या लेखनात आढळते. परंतु या निरीक्षणाचा पद्धतशीर पाठपुरावा होण्यास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील मनोरुग्णालये उपदंशामुळे मेंदू बिघडलेल्या रुग्णांनी भरलेली होती. बुद्धिभ्रंश झालेला मध्यमवयीन रुग्ण दिसला की उपदंशाचाच संशय प्रथम येई. या सरसकट निदानातून काही रुग्ण वेगळे काढण्याचे काम येना येथील ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये केले. मेंदूच्या आतील पांढरा भाग झिजलेला आणि धमन्या कठीण झालेल्या, असे त्यांच्या रुग्णांचे चित्र होते. त्याच दशकात फ्रँकफर्ट येथे एक तरुण डॉक्टर धमनीकाठिण्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या झिजेचा अभ्यास करीत होता. त्याचे नाव अलॉइस अल्झायमर. पुढे ज्याच्या नावाने रक्तवाहिन्यांचे कारण मागे ढकलले गेले, तोच प्रारंभी रक्तवाहिन्यांचा अभ्यासक होता, हा इतिहासातील योगायोग लक्षणीय होय.

नोव्हेंबर १९०१ मध्ये ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर ही स्त्री अल्झायमर यांच्या रुग्णालयात दाखल झाली. एप्रिल १९०६ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या मेंदूत आढळलेले पेशींमधील तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेरचे साठे यांचे वर्णन अल्झायमर यांनी त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील सभेत केले. मोठ्या रक्तवाहिन्यांत काठिण्य असल्याची नोंदही १९०७ च्या त्यांच्या संक्षिप्त अहवालात आहे. मात्र १९९८ मध्ये मूळ काचपट्ट्यांची पुनर्तपासणी झाली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांचा विकार दिसला नाही. त्यामुळे ती रुग्णा संमिश्र विकाराची होती असे म्हणता येत नाही. पण अल्झायमर यांनी रक्तवाहिन्यांकडे पाहणे सोडले नव्हते, एवढे निश्चित.

१९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ‘अल्झायमरचा रोग’ हे नाव रूढ केले. हे नाव मुख्यतः अकाली होणाऱ्या बुद्धिभ्रंशासाठी वापरले गेले. उरलेले असंख्य वृद्ध ‘मेंदूच्या धमन्या कठीण झाल्या’ या निदानाखाली आले. पुढील अर्धशतक हेच चालू राहिले. हे निदान जितके सोपे, तितकेच निरुपयोगी होते. धमन्या रुंदावणारी औषधे दिली जात. त्यांचा फारसा लाभ होत नसे.

न्यूकॅसलचे शवविच्छेदन आणि नंतर :

या समजुतीला खरा धक्का न्यूकॅसल येथे बसला. ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या ५० वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्या मेंदूंत अल्झायमर यांनी वर्णिलेलेच बदल प्रामुख्याने आढळले. केवळ रक्तवाहिन्यांमुळे झालेला बुद्धिभ्रंश अपेक्षेपेक्षा कमी निघाला. १९७४ मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. धमन्या अरुंद झाल्याने मेंदू हळूहळू उपासमारीने मरतो, हे जुने चित्र चुकीचे आहे. रक्तपुरवठा तुटून मेंदूचे लहानमोठे भाग मरतात आणि अशा आघातांच्या बेरजेतून बुद्धी ढासळते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या दुरुस्तीचा परिणाम मात्र विचित्र झाला. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी वृद्धांचा बुद्धिभ्रंश हाही बहुतांशी अल्झायमरचाच रोग असल्याचे मांडले. १९८४ मध्ये अमायलॉइड प्रथिन वेगळे करण्यात यश आले. संशोधनाचा पैसा आणि लक्ष तिकडे वळले. रक्तवाहिन्यांना व्याख्येनेही दगा दिला. बुद्धिभ्रंश ठरविताना स्मरणशक्तीचा ऱ्हास ही अट घालण्यात आली, आणि १९९३ मध्ये रक्तवाहिनीजन्य बुद्धिभ्रंशाचे निकष ठरले, तेव्हा त्यांतही ती कायम राहिली. वास्तविक, मेंदूत खोल शिरणाऱ्या बारीक धमन्या बिघडल्या की प्रथम विचारांची गती मंदावते आणि नियोजन जमेनासे होते. स्मृती बराच काळ शाबूत राहू शकते. (मराठीत रूढ झालेल्या ‘स्मृतिभ्रंश’ या संज्ञेतही हाच दोष आहे. हिशेब चुकू लागलेल्या, पण नातवंडांची नावे अचूक सांगणाऱ्या आजोबांना ती लागू करावी असे कोणाच्या मनात येत नाही.) निकषात न बसणारा रुग्ण मोजला गेला नाही; आणि ज्या टप्प्यावर रक्तदाब आवरून काही वाचविता आले असते, तो टप्पा निदानाशिवायच निघून गेला.

दोन्ही कारणे एकाच मेंदूत एकत्र नांदतात, याचा ठळक पुरावा अमेरिकेतील जोगिणींच्या अभ्यासातून १९९७ मध्ये पुढे आला. १०२ मृत जोगिणींच्या मेंदूंपैकी ६१ मेंदूंत अल्झायमरचे निकष पूर्ण होत होते. त्यांतही ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा होत्या, त्यांची बुद्धी जिवंतपणी अधिक ढासळलेली होती, विशेषतः खोल भागांतील लहान आघातांच्या बाबतीत. जोगिणींचा आहार व राहणी बरीचशी समान असल्याने ही तुलना अधिक विश्वसनीय ठरली.

१९९८ मध्ये युरोपातील एका चाचणीत वृद्धांचा वाढलेला रक्तदाब औषधांनी कमी केल्यावर बुद्धिभ्रंशाचे प्रमाण निम्म्यावर आले, जरी रुग्णसंख्या अल्प होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ९,३६१ व्यक्ती होत्या. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी आढळला. बुद्धिभ्रंशातील १७ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

२०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या अमायलॉइडविरोधी औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचते, त्यामुळे ते हटविताना काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते, काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणूनच हे औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही ठरावीक अंतराने रुग्णाच्या मेंदूचे एमआरआय काढून रक्तस्रावाच्या खुणा तपासल्या जातात.